कपाळावरचा पांढरा टिळा

बसवकल्याण म्हटले की किल्ला, महात्मा बसवेश्वर आणि अनुभव मंटप डोळ्यांसमोर येतात. पक्षी पाहायला म्हणून इथे कोणी येत नाही. माझाही पक्ष्यांशी संबंध त्रिपुरांत तलावाकाठी सकाळी फिरण्यापुरताच होता.

एका हिवाळ्यात वर्गातील काही मुलांना घेऊन तलावावर गेलो. पाण्यावर काळसर पक्ष्यांचा थवा होता. ‘‘सर, हे कोणते पक्षी?’’ ‘‘बदकं,’’ मी ठोकून दिले. त्यावर एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘पण सर, चोच तर कोंबडीसारखी आहे.’’ मी गप्प झालो. चाळीस मिनिटांचा तास न अडखळता घेणारा माणूस एका चोचीपुढे अडला होता.

परतल्यावर कपाटातून डॉ. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक काढले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते १९४१ साली प्रथम प्रसिद्ध केले. पाने उलटता उलटता आमचा पाहुणा सापडला. काळा देह, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा पट्टा. त्याची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसतात. प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते. मुलाचे बरोबर होते. हा बदक नव्हेच, पाणकोंबडीचा भाऊबंद!

मराठी नावासाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ उघडला. चितमपल्ली आपल्या शेजारच्या सोलापूरचे. जून २०२५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. नाव मिळाले: वारकरी. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्र दाखवले. घरात पंढरीची वारी असलेला एकजण म्हणाला, ‘‘हा तर गोपीचंदनाचा टिळा!’’ मागच्या बाकावरची कन्नड घरातली मुलगी लगेच म्हणाली, ‘‘नाही सर, ही विभूती आहे.’’ सगळा वर्ग हसला. दोघांचेही खरे होते. चित्राला भाषेची सीमा नसते, हे सीमाभागातल्या मास्तराला त्या दिवशी समजले.

या गावाला पक्ष्यांची विद्या नवी नाही. हेच चालुक्यांचे कल्याण. राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात श्येनविनोद, लावकविनोद, कुक्कुटविनोद असे अध्याय आहेत. पण तो विनोद म्हणजे ससाण्याकडून शिकार आणि लावे-कोंबड्यांच्या झुंजी! पुढे १९३१ साली सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सुरू केली. आपला बीदर जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे अभ्यासासाठी पक्षी बंदुकीने टिपावे लागत. अशा कष्टाने जमलेले ज्ञान चित्रांच्या पुस्तकात उतरले, म्हणून आज आपल्याला पक्षी न मारता ओळखता येतो. राजाच्या करमणुकीपेक्षा ही मुलांची करमणूक मला मोठी वाटते.

आता तलावावर जाताना पिशवीत पुस्तक असते. मुलांना सांगतो, आधी पक्षी नीट पाहा. चोच, कपाळ, पाय, चाल वहीत लिहा, मगच पुस्तक उघडा. आणि कोणी नाव विचारले, ते मला ठाऊक नसले, तर ‘‘पाहून सांगतो’’ म्हणायला मीही शिकलो आहे.

त्या दिवशी बोट दाखवणारा मुलगा मात्र पुस्तक उघडण्याआधी एकदा माझ्याकडे पाहून हसतोच.