कॉफी कोणाच्या हातची?

घरात एखादी नवी वस्तू आणावयाची ठरली की आपण साधारणतः दोन प्रश्न विचारतो. किंमत किती आणि टिकेल किती? तिसरा एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारीत नाही. ही वस्तू आल्यावर घरातील कोणाचे काम हलके होईल आणि कोणाचे काम कायमचे नाहीसे होईल? पाट्यावरवंट्याची जागा मिक्सरने घेतली तेव्हा कष्ट वाचले, यात शंका नाही. परंतु त्या कामात मुरलेल्या हातांनी पुढे काय करावे, याची विचारपूस फारशी झाली नाही. गेल्या वर्षी आमच्या घरी कॉफीचे यंत्र आणावयाचे ठरले, तेव्हा हा तिसरा प्रश्न असा आडवा आला की त्याचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाताच येईना.

आम्ही राहतो म्हैसूरला, सरस्वतीपुरम भागात. घराणे मूळचे सांगलीकडचे, म्हणजे चहाचे. सासूबाई पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावी आल्या, तेव्हा कॉफी म्हणजे दुधात पूड उकळून वर जायफळ किसून घालायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते. शेजारच्या अज्जींना त्यांनी पहिल्यांदा तशी कॉफी दिली. अज्जींनी ती मुकाट्याने संपविली, चांगली आहे असेही म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या नव्या सुनेला आपल्या स्वयंपाकघरात बोलावून घेतले. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. कन्नडमध्ये 'लोटा' म्हणजे पाणी प्यायचा साधा पेला, हे कळायलाही सासूबाईंना दोन दिवस लागले. परंतु महिन्याभरात त्या कॉफी शिकल्या, आणि कॉफीच्या निमित्ताने कन्नडही शिकल्या. पुढे अज्जींनीच त्यांना एक पितळी फिल्टर दिला. आतून कल्हई केलेला तो फिल्टर आमच्या ओट्यावर अजून आहे.

दक्षिणेकडील या फिल्टरची रचना ज्यांनी पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगते. एकावर एक बसणारी दोन उभी भांडी असतात. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. त्यात कॉफीची पूड घालून वर दांडी असलेली एक सच्छिद्र चकती हलकेच दाबून ठेवायची आणि उकळी येऊन किंचित निवलेले पाणी ओतून झाकण लावायचे. पाणी आपल्याच वजनाने पुडीतून थेंब थेंब झिरपते आणि खालच्या भांड्यात दाट काढा साठतो. त्याला इकडे सारेजण 'डिकॉक्शन'च म्हणतात. या क्रियेस अर्धा तास तरी द्यावा लागतो. मग गरम दूध, साखर आणि डिकॉक्शन एकत्र करून डबऱ्यातून पेल्यात व पेल्यातून डबऱ्यात अशी उंचावरून ओतली की फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. यात ना वीज लागते, ना सुटे भाग. बिघडण्यासारखे काही नसलेले असे यंत्र दुसरे क्वचितच सापडेल.

बिघाड झाला तो हातांत. सासूबाईंना संधिवाताने गाठले. आदल्या दिवशी घट्ट बसलेली ती दोन भांडी सकाळी एकमेकांपासून सुटेनात. बोटे वळत नसल्याने आधणाचे पातेले पेलवेना. एका पहाटे उकळते पाणी त्यांच्या मनगटावर सांडले. जखम मोठी नव्हती, पण घरात चर्चा सुरू झाली. पुण्याहून धाकट्या भावोजींचा फोन आला, "वहिनी, चांगलेसे यंत्र घ्या. पैशांची काळजी करू नका. आईने आता त्या आधणाजवळ जायला नको."

यंत्र निवडण्याचे काम माझ्याकडे आले. माझा व्यवसाय भाषांतराचा आणि संपादनाचा. उपकरणांबरोबर येणारी माहितीपत्रके वाचण्याचा मला कंटाळा नाही, एवढीच माझी पात्रता. वाचता वाचता ध्यानात आले की पुडीतून चव पाण्यात उतरविण्याच्या या एका खटपटीसाठी माणसाने किती वाटा शोधल्या आहेत! जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने 1908 साली कागदाच्या गाळणीची युक्ती काढली. इटलीत 1933 साली आल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून मोका पॉट बाहेर पडला. त्यात खालच्या भांड्यातील वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते. त्याच देशात 1901 साली लुइजी बेझेरा यांनी एस्प्रेसो यंत्राचे पेटंट घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांनी तरफेच्या साहाय्याने दाब पुष्कळ वाढवून आजची सायीसारखा थर येणारी एस्प्रेसो शक्य केली. आमचा फिल्टर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावर चालतो. एस्प्रेसोला मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाब लागतो, आणि जे काम फिल्टर अर्ध्या तासात करतो ते ती पंचवीस-तीस सेकंदांत उरकते.

यजमानांचा कल एस्प्रेसो यंत्राकडे होता. खोक्यावर पंधरा बार दाब असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून ते प्रभावित झाले होते. हा आकडा पंपाच्या कमाल शक्तीचा असतो. कॉफी उतरते ती साधारण नऊ बारवरच, हे मी त्यांना दाखविले. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की या यंत्राला एकसारखी आणि अगदी बारीक दळलेली पूड लागते. म्हणजे यंत्रामागोमाग चांगली दळणी आणणे आले. शिवाय पूड भरलेला दांडा यंत्रात अडकवून जोराने फिरवावा लागतो. मोका पॉटची किंमत आटोक्यातली, कॉफीही दाट; परंतु त्याचे दोन भाग पिळून घट्ट बसवावे लागतात. फ्रेंच प्रेस सोपी, पण तिला जाडसर पूड हवी, उकळते पाणी वरूनच ओतायचे, आणि भांडे बहुधा काचेचे. आमच्या बारा वर्षांच्या कन्येने कॅप्सूलच्या यंत्राची शिफारस केली. एक कळ दाबली की काम झाले! पण प्रत्येक पेल्यामागे एक रिकामी डबी कचऱ्यात जाणार, आणि कॉफीची निवड आपल्या हाती न राहता कॅप्सूल विकणाऱ्याच्या हाती जाणार. ज्या गावात कॉफी आपल्या डोळ्यांदेखत दळून मिळते, तेथे हे मनाला पटेना.

कारण म्हैसूरकराला यंत्रापेक्षा पुडीचा अभिमान अधिक. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते, आणि तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज देशातील सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, आणि कोडगूच्या बागा तर म्हैसूरहून काही तासांच्या वाटेवर आहेत. दुकानात गेले की 'प्लांटेशन' म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, 'पीबेरी' म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली, आणि कडवट, जोमदार रोबस्टा, यांतून आपले मिश्रण सांगायचे. शेवटी दुकानदार विचारतो, चिकोरी किती? चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी. तिच्यात कॉफीचा गुण नाही, पण ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे थेंब सावकाश पडतात आणि डिकॉक्शनला रंग व दाटपणा येतो. आपल्या कायद्याने चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते, मात्र वेष्टनावर प्रमाण छापावे लागते. वाचकांनी पाकीट घेताना ती बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. पूड शिळी असेल किंवा अर्धी चिकोरीच असेल, तर लाखाचे यंत्रही तिचे सोने करू शकत नाही.

अशी माझी टिपणे वाढत होती आणि सासूबाई गप्प होत होत्या. एरवी घरात पातेले घ्यायचे झाले तरी त्यांचे मत असते. या विषयावर त्या काही बोलेनात. एका रात्री मी माहितीपत्रके आवरीत असताना त्या जवळ येऊन बसल्या.

"तुम्ही सगळे माझ्या काळजीने करता, हे मला कळतं गं," त्या म्हणाल्या. "आणा यंत्र. पण पहाटे पाचला मला जाग येणारच. मग मी उठून काय करू, तेवढं सांग."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. सासरे गेल्यानंतरही त्यांनी पहाटेची कॉफी कधी चुकविली नव्हती. घरातील बहुतेक कामे एकेक करून माझ्याकडे, बाईंकडे किंवा यंत्रांकडे गेली होती. उरले होते ते हे एकच. त्या कॉफीने आमच्या प्रत्येकाचा दिवस सुरू होत असे, आणि ती त्यांच्या हातची असे. आम्ही त्यांना आधणापासून वाचवू पाहत होतो खरे, पण त्याबरोबरच त्यांचे घरातील शेवटचे स्थानही काढून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मी टिपणांचा कागद बाजूला ठेवला आणि नवा कागद घेतला. त्यावर दाब, वाफ, तापमान काही नव्हते. दुखऱ्या बोटांनी झाकण उघडते का? काही पिळावे लागते का? गरम पाणी उचलावे लागते का? कळ चष्म्याशिवाय दिसते का? धुवायला किती भाग सुटे होतात? हे पाचच प्रश्न. हा कागद मी सासूबाईंनाच दिला आणि त्यांना घेऊन दुकानात गेले.

दुकानदार मला यंत्राचे गुण सांगू लागला. सासूबाईंनी त्याला स्वच्छ कन्नडमध्ये थांबविले. "तिला नको, मला सांगा. कॉफी मी करते." मग त्यांनी मांडलेले प्रत्येक यंत्र स्वतः उघडून आणि मिटवून पाहिले. दोन यंत्रांचे झाकण त्यांना निघाले नाही. एकाची कळ फार लहान होती. अखेर त्यांनी विजेवर चालणारे साधे ठिबक यंत्र निवडले. मागच्या टाकीत गार पाणी पेल्याने भरायचे, जाळीत पूड घालायची आणि एकच खटका दाबायचा. पाणी आतल्या आत तापून पुडीवर पडते. पिळणे नाही आणि आधणही नाही. यजमानांच्या मनातील यंत्राच्या मानाने ते अगदीच सामान्य दिसत होते, आणि स्वस्तही होते.

पहिल्या दिवशीची कॉफी पातळ झाली. यंत्रातले पाणी भराभर उतरते, पूड भिजून मुरायला वेळ मिळत नाही. आम्ही सारेजण छान छान म्हणू लागलो. सासूबाईंनी एक घोट घेऊन पेला खाली ठेवला. "खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी जे केले, ते एखाद्या प्रयोगशाळेत शोभले असते. पाणी एका पेल्याने कमी केले, पूड एका चमच्याने वाढविली. पूड घालून ती जाळीतच किंचित दाबली. दुकानात जाऊन थोडी अधिक बारीक दळून आणली, तर जाळी तुंबून पाणी वरून वाहिले. मग दळण पूर्ववत केले आणि चिकोरी दहा टक्क्यांवरून वीसवर नेली. एके सकाळी त्यांनी काही न बोलता माझ्यापुढे पेला ठेवला आणि मी पिईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.

कॉफी उत्तम झाली होती. "तरी पितळी फिल्टरची सर नाही हो याला," असे त्यांनी स्वतःच म्हटले, आणि ते खरेही आहे. सावकाश झिरपलेल्या डिकॉक्शनचा तो गोडसर दाटपणा यंत्रातून येत नाही. तो फिल्टर आता रविवारी आणि वीज गेल्यावर वापरात येतो. आधण माझी कन्या ओतते, भांडी तीच सोडविते, आणि आजी खुर्चीत बसून सांगते, "चकती दाबू नकोस, नुसती ठेव." कल्हई करणारा आता दारावर येत नाही, त्याला शोधून काढण्याचे काम यजमानांनी आपण होऊन पत्करले आहे.

घरात यंत्र घ्यावयाचे असल्यास माहितीपत्रके जरूर वाचावीत, किंमतींची तुलना करावी, दुरुस्तीची सोय गावात आहे की नाही हे विचारावे. पैसे मोजके असतील तर ते आधी ताज्या पुडीवर खर्चावेत, मग यंत्रावर. पण त्याच्याही आधी, ते यंत्र रोज ज्याच्या हाताखाली चालणार त्याला दुकानात घेऊन जावे आणि त्याच्याकडून झाकण उघडवून पाहावे. आमच्याकडे आता पहाटे पाचला एक खटका दाबल्याचा आवाज येतो. थोड्या वेळाने डबऱ्यातून पेल्यात कॉफी ओतल्याचा आवाज येतो. पूर्वीपेक्षा ती थोडी कमी उंचीवरून पडते, कारण हात आता तितके वर जात नाहीत; फेस मात्र येतो.