अंधार मागणारा

"आधी दिवे घालवा, पडदे ओढा." ड्रेसिंगच्या खोलीत आल्याआल्या याची पहिली अट हीच. चण लहान, दोन हातांत मावेल एवढी; पण भर उजेडात याच्याकडून एक अक्षर काढून दाखवा! हा जखमेतले जंतू दाखवणारा कॅमेरा; जन्म कॅनडातल्या टोरांटोचा, नाव मॉलिक्युलाइट. घराणं मात्र जुनं. त्वचारोगाच्या ओपीडीत अजून भेटणारा वुड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, याचा आजोबाच म्हणायचा.

समोर मधुमेह्याचा तळपाय. सिस्टरांनी जखम धुऊन रक्त टिपून घेतलंय, कारण रक्ताचा थर आडवा आला की हा आंधळा. पू नाही, वास नाही, कडा गुलाबी. 'छान भरतेय' असं कुणीही म्हणावं. मग अंधार होतो आणि हा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश जखमेवर टाकतो. ना रंग लावायचा, ना सुई टोचायची. पडद्यावर आजूबाजूची कातडी शेवाळासारखी हिरवी दिसते, आणि त्याच गुलाबी कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढा लालभडक ठिपका. तिथे जंतूंची दाट वस्ती आहे. त्यांच्या अंगचं पॉरफिरिन हे द्रव्य जांभळ्या प्रकाशात लाल चमकतं आणि धन्याचाच पत्ता देतं. स्यूडोमोनास असेल तर झाक निळसर-पांढरी.

चहाडखोर खरा, पण तिखटमीठ लावत नाही. लाल दिसलं म्हणून जंतूचं नाव सांगणार नाही, कुठलं अँटिबायोटिक चालेल तेही नाही. स्ट्रेप्टोकोकससारखे काही जंतू पॉरफिरिन बनवतच नाहीत; त्यांच्यापुढे हा मुका. नजर जेमतेम दीड मिलिमीटर खोल, त्यामुळे हाडाशी मुरलेलं दुखणं याच्या गावीही नसतं. लाल नाही म्हणजे जखम स्वच्छ, असं समजणाऱ्याची फसगत ठरलेली.

तरी माणसाच्या डोळ्यापेक्षा हा उजवाच. अमेरिकेत ३५० जखमांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २८७ जखमांत जंतूंचा भार जास्त निघाला. नुसत्या लक्षणांवरून त्यांतल्या सुमारे १५ टक्केच ओळखू आल्या होत्या, याला सोबत घेतल्यावर ६१ टक्के. म्हणजे याच्याही हातून बऱ्याच निसटल्या. पण १५ वाल्यांनी त्याला हसू नये.

दिवे लागतात. कड पुन्हा निरागस गुलाबी. सिस्टर मात्र नेमक्या त्या ठिपक्याच्या जागेवर स्वॅब फिरवतात आणि बाटलीवर चिठ्ठी डकवतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील.