वलयं मोजताना

बिनपायाच्या, जेमतेम वीतभर लांबीच्या एका उभयचराने खंडाळ्याचं नाव प्राणिशास्त्राच्या दप्तरी कायमचं नोंदवलं आहे. १९६० साली कॅन्सस विद्यापीठातल्या एडवर्ड टेलर यांनी या प्राण्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबी यांच्या नावावरून त्याला ‘इंडोटिफ्लस बॅटर्सबाय’ म्हटलं, आणि मिळाल्याचं ठिकाण लिहिलं : खंडाळा, पुणे जिल्हा. या गटाला मराठीत देवगांडूळ म्हणतात. गांडुळाशी त्याचं काही नातं नाही, तो बेडकांचा भाऊबंद. अंगावर कातडीची वलयं, डोळे कातडीखाली गेलेले आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे एक बारीकसा स्पर्शक. मातीतल्या अंधारात त्याला वाट दाखवण्यात या स्पर्शकाचा वाटा मोठा. पुढे याच्याच नावावरून ‘इंडोटिफ्लिडी’ हे आख्खं कुळ मांडलं गेलं. त्या कुळातले काही प्राणी सह्याद्रीत आहेत, काही सेशेल्स बेटांवर, काही आफ्रिकेत.

मी उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करतो, आणि पावसाळ्यात मावळात हिंडणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे. विद्यार्थी पहिल्यांदा सोबत येतात तेव्हा विचारतात, “सर, समुद्र ओलांडून हे तिकडे गेले कसे?” खारं पाणी उभयचरांना सोसत नाही, त्यामुळे प्रश्न योग्यच असतो. उत्तर असं की ते गेले नाहीत, जमीन गेली. साधारण सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स एकमेकांपासून सुटले. त्याच्या थोडंसंच आधी दख्खनवर लाव्हा पसरला होता. तो थरावर थर साचत गेला आणि त्याचाच आपला सह्याद्री झाला. भूशास्त्रज्ञांनी या थरांना गावांची नावं दिली आहेत. भीमाशंकर, त्यावर खंडाळा, त्यावर बुशे; यातल्या खंडाळा आणि बुशे यांचा मिळून लोणावळा उपगट. म्हणजे खंडाळा हे नाव कातळालाही आहे आणि त्या कातळाच्या मातीत राहणाऱ्या प्राण्याच्या कागदपत्रांतही आहे. लाव्हाच्या काळात या प्राण्याचे पूर्वज लाव्हा न पोचलेल्या कुठल्या तरी जमिनीत तगले असणार. कातळ झिजला, माती झाली, मग पिढ्यान्‌पिढ्या सरकत ते इथवर आले, असा माझा तर्क आहे. तो पडताळायचा तर डीएनए लागतो, आणि डीएनएसाठी आधी प्राणी सापडावा लागतो.

देवगांडूळ ओळखायचं तर वलयं मोजावी लागतात. ऐकायला सोपं वाटतं. ओल्या तळव्यात धरलं की ते बोटांच्या फटीत डोकं खुपसतं, आणि एवढ्याशा जिवात इतका जोर असतो की फट खरंच रुंदावते. कातडी बुळबुळीत, वर चिखलाचा पातळ थर. म्हणून ओढ्याच्या पाण्याने धुऊन ओलसर पारदर्शक पिशवीत ठेवायचं, भिंग लावायचं आणि मानेमागच्या पट्ट्यापासून टाचणीच्या टोकाने एकेक खाच पुढे सरकायचं. पुढची वलयं अंगाला पुरता वेढा घालतात. शेपटाकडच्या भागात काही जातींत दुय्यम वलयं सुरू होतात, ती मात्र अर्धवट असतात आणि तिथेच नजर घोटाळते. आमचा नियम असा की दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना आकडा सांगायचा नाही, आणि जुळला तरच वहीत लिहायचा. नाही जुळला तर पुन्हा पहिल्या वलयापासून. चव्वेचाळीस वर्षं इंडोटिफ्लस या वंशात खंडाळ्याची एकच जात मानली जात होती. २००४ साली वरद गिरी, डेव्हिड गोवर आणि मार्क विल्किन्सन यांनी कोयनेच्या हुंबर्लीतून दुसरी जात मांडली, ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’. अशी प्रत्येक नवी जात जुन्या जातीशी ताडून पाहावी लागते. त्या ताडण्यात ज्या ठिकाणावरून मूळ जात वर्णन झाली, तिथला ताजा नमुना सगळ्यात मोलाचा. संग्रहालयातल्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये दशकानुदशकं राहिलेल्या नमुन्यातून चांगला डीएनए मिळवणं अवघड असतं. मग संशोधकाला एकच रस्ता उरतो, मूळ गावी जायचं.

आणि मूळ ठिकाण म्हणून एकच शब्द लिहिलाय : खंडाळा. कोणती आळी, कोणता ओढा, काही नाही. १९६० च्या आधीच्या त्या खंडाळ्यात आज बंगले, हॉटेलं, हिरवळीचे रोल टाकलेले लॉन, मोटारी लावायची आवारं आहेत. डोंगराच्या पोटातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चे बोगदे गेले. कुदळ कुठे मारायची, हा माझ्यासाठी खरा वैज्ञानिक प्रश्न आहे.

वनस्पतींच्या बाबतीत खंडाळ्याचं नशीब बरं. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले फादर सांतापाव यांनी इथल्या वनस्पतींची सविस्तर सूची केली आणि ती १९५३ साली पुस्तकरूपाने आली. त्यामुळे आज कोणी अभ्यासक खंडाळ्यात उभा राहून ‘तेव्हा हे होतं, आता हे नाही’ असं पुराव्यानिशी म्हणू शकतो. मातीतल्या प्राण्यांसाठी असा एखादा सांतापाव हवा होता.

मावळात इतकी विविधता का, हे पावसाच्या नकाशावर कळतं. लोणावळ्याच्या कड्यावर वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि लोकलने तळेगावला उतरलात तर त्याच्या कितीतरी कमी. तासाभराच्या अंतरात कारवीचं रान संपून माळ लागतो. त्यात मधे दऱ्या, सडे, लोहगड-विसापूरसारखे सुटे डोंगर; आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी नद्यांनी वाटून दिलेली खोरी. ज्याला लांब जाता येत नाही, त्या प्राण्याला एक दरी म्हणजे देशाची सीमा. पालींवरच्या कामाने हे फार स्पष्ट झालंय. जुन्नरजवळच्या घाटघरची ‘हेमिडॅक्टिलस आरोनबौएरी’ आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीची ‘हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस’ या दोन्ही पाली २००८ साली जगाला कळल्या. त्याआधीही त्या तिथेच होत्या, कातळाच्या कपारीत.

चाळकेवाडीवर आणखी एक काम झालं, ते मी दर वर्षी वर्गात सांगतो. पठारावर पवनचक्क्या आल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ साली दाखवलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले, गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनात, अंगाने खंगले आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. जमिनीवर काहीही उभं केलं की तिथल्या जिवांवरची निवडीची दिशा बदलते. उत्क्रांती हा फक्त कोट्यवधी वर्षांचा विषय नाही. पवनचक्की उभी राहिल्यावर काही वर्षांतच तिथले ताण बदललेले दिसतात.

लोणावळ्याचं एक उदाहरण तर थेट कावेरीपर्यंत जातं. इथल्या वळवणच्या तलावावर १९७० च्या दशकापासून महाशीर माशाची कृत्रिम पैदास झाली. ‘टोर खुद्री’ हा आपला मासा, कर्नल साइक्सने १८३९ साली मुळा-मुठेतून वर्णन केलेला. त्याला वाचवायचं म्हणून लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यांत सोडली गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा मदार असलेला महाशीर होता. बाहेरून आलेला मासा तिथे फोफावला आणि मूळचा झपाट्याने ओसरला. त्या मूळच्या माशाचं शास्त्रीय नाव ‘टोर रेमादेवी’ हेच, हे ठरायला २०१८ उजाडलं. कोणता जीव कोणत्या पाण्याचा, ही नोंद आधी पक्की असती तर हा घोळ टळला असता. वाचवण्याआधी ओळखावं लागतं, यावर माझा ठाम विश्वास बसला तो या प्रकरणामुळे.

मावळातली जमीन कधीच माणसाच्या हाताविना नव्हती. टाटांच्या जलविद्युत योजनेची लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी शंभर वर्षांपूर्वीची आहेत, पूर्वेला जाणारं पाणी ती पश्चिमेला खोपोलीत उतरवतात. पवना धरण १९७२ चं. राब भाजणं, भातखाचरं पाडणं, शेणखताचे उकिरडे हे तर कैक पिढ्यांचं. पण त्या सगळ्यात एक गोष्ट शिल्लक राहत होती, ती म्हणजे बांधाखालची न हललेली ओली माती. आंदर मावळातल्या एका वाडीत आम्ही बांधाच्या कडेचे दगड उलटत होतो. एक म्हातारबाबा घोंगडी पांघरून बघत उभे होते. म्हणाले, “काय शोधताय पोरांनो? दुतोंड्या? त्यो आमच्या उकिरड्यात हाय, चला.” गेलो. कुजलेल्या पेंढ्याचा थर हाताने बाजूला केला, खाली गरम ओलावा, गांडुळांची गर्दी, आणि त्यांच्यात एक चकचकीत, करडं-जांभळं अंग हळूच आत ओढलं गेलं. बाबांना मी विचारलं, मारत नाही का? “कशाला? त्यो कुणाच्या वाटंला जात न्हाई.”

त्या वाडीशेजारच्या शेतांचे आता प्लॉट पडले आहेत. जेसीबी बांध आधी काढतो, कारण सपाटी त्याशिवाय होत नाही. मग मुरूम, मग विकतची लाल माती, मग हिरवळ, मग वाळवीचं औषध. झाडं कापली की ओरड तरी होते. माती गेल्याची तक्रार कोणी करत नाही. नव्या जाती शोधण्याची आमच्या क्षेत्रात मोठी चढाओढ आहे, आणि त्यातून चांगलं कामही होतं. तरी माझ्या मते या घडीला जास्त गरज आहे ती जुन्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याची, साधा बेडूक, साधी पाल, साधं देवगांडूळ त्याच बांधावर आहे की नाही हे लिहून ठेवण्याची. असा शोधनिबंध कुणी पहिल्या पानावर छापत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून तो लिहून घेतो.

मावळात तुमची जमीन असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर एवढं करा. सगळंच सपाट करू नका. ओहोळाची कड, एखादा जुना बांध, झाडाखालचा पाचोळा आणि जमलं तर उकिरडा आहे तसा राहू द्या, तिथे औषध मारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये माती उकरताना बिनखवल्यांचं, वलयांचं, ओलं चकचकीत काही दिसलं तर तो साप नाही. त्याला मारू नका. फोटो काढा, तारीख लिहा, आणि नुसतं ‘लोणावळा’ किंवा ‘मावळ’ असं लिहू नका. गाव, वाडी, जवळचा ओढा लिहा, आणि ही नोंद जवळच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात पोचवा.