डोहाकाठची हळद

भिजलेल्या हळदीला एक निराळाच वास असतो. डब्यातल्या कोरड्या हळदीचा तो नव्हे. नदीकाठच्या दगडाला वाहिलेल्या आणि पाण्याने निम्मीअर्धी धुऊन नेलेल्या हळदीचा. त्यात शेवाळ असतं, लिंबाची साल असते, कुजू लागलेल्या झेंडूचा उग्रपणा असतो आणि चिमूटभर भीतीही. ती मात्र आजीने कालवलेली.

आजोळ माहुलीजवळचं. वेण्णेला पोटात घेऊन संथावलेल्या कृष्णेच्या काठी, करंजाच्या सावलीत, शेंदूर फासलेले सात दगड ओळीने बसलेले. साती आसरा. पुढ्यात हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, दहीभात. "तिन्हीसांजंचं डोहाकडं जाऊ नगंस. आसरा बोलावत्यात."

"कशा गं बोलावत्यात?"

"तुजं नाव घिऊन."

मग रात्रभर पाण्याचा आवाज कानात, आणि त्या आवाजात आपलं नाव ऐकू येतंय की काय म्हणून वाकळेत गच्च मिटलेले डोळे! किती सुखाची होती ती भीती.

परवा भाचीने तिचं पुस्तक हातात ठेवलं. टेलर के मेहिया यांची 2020 सालची कादंबरी, 'पाओला सांतियागो अँड द रिव्हर ऑफ टीअर्स'. बारा वर्षांची, विज्ञानावर भिस्त असलेली पोर. नदीकाठी रडत फिरणाऱ्या 'ला योरोना'ला घाबरणारी तिची आई. आणि एक दिवस नाहीशी झालेली मैत्रीण. मेक्सिकोतल्या आयाही पोरांना पाण्यापासून लांब ठेवायला या योरोनाचंच नाव घेतात. वाचता वाचता तो ओला वास पुन्हा आला. त्यातला झेंडूही मूळचा तिकडचाच. मृतांच्या सणाला त्याच्याच पाकळ्यांची वाट घालतात, गेलेली माणसं घरी यावीत म्हणून.

हीच कृष्णा पुढे सांगलीजवळ, हरिपूरला, वारणेला भेटते. तिथली हळदीची पेवं नावाजलेली. 2005च्या महापुराने त्यातली किती तरी गिळली. पुरात काठचं सगळंच वाहतं. गोष्टी तेवढ्या बायकांच्या तोंडी तगतात. वाळव्याकडच्या बागणीत जन्मलेल्या सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात असा तोंडी ठेवा जन्मभर वेचला, छापून ठेवला.

शिदोरी तयार आहे. त्यातून साताऱ्या-सांगलीची एखादी धीट पोर उठावी, डोहात उतरावी, सातीजणींशी भांडून हरवलेल्या मैत्रिणीला घेऊन वर यावी, आणि अशी कादंबरी दहा-बारा वर्षांच्या मुलांनी मराठीत वाचावी, एवढं फार वाटतं.

तुमच्या गावच्या डोहाची गोष्ट जिला येते ती म्हातारी अजून असेल, तर या सुट्टीत पोरांना तिच्यापाशी बसवा. आणि त्यातलं एखादं लिहू लागलंच, तर त्याच्या आसरांना तिचीच बोली बोलू द्या.