राजा

राजा गेल्याला तेरा दिवस झाले. काल रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ओवीने विचारलं, "बाबा, राजा मुलगी होती ना? मग आपण तिला राजा का म्हणायचो?" मी "झोप आता" म्हणून वेळ मारून नेली आणि स्वतःच जागा राहिलो. आता तिच्यासाठी लिहून ठेवतो.

2016च्या जूनमध्ये मी एंजल माशाची दोन पिल्लं आणली, तेव्हा ओवीचा जन्म व्हायचा होता. रुपयाएवढी पिल्लं. "नर-मादी जोडी आहे," दुकानदार म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. एंजल हा सिक्लिड कुळातला, आपल्या उजनीच्या चिलापीचा लांबचा भाऊबंद. या कुळातल्या काही माशांत रंगावरून नर-मादी कळतात. पण एंजलच्या पिल्लांकडे कितीही टक लावून बघा, काही कळत नाही. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली एक नळी दिसू लागते. नराची बारीक नि टोकदार, मादीची जाड नि बोथट. तेवढीच काय ती खूण. म्हणून जाणते लोक सहा-सात पिल्लं एकत्र वाढवतात आणि जोडी त्यांची त्यांना जमवू देतात.

मला तेवढा धीर नव्हता. ज्याचं कपाळ उंच, पर लांब, तो राजा, दुसरी राणी. मावशी म्हणाली, "कपाळावरून काय कळतं? इतक्यात कशाला ठरवतोस?"

माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. मावशी पंधरा दिवसांसाठी आईच्या सोबतीला आली, ती परत गेलीच नाही. आई नोकरीवर, मावशी घरात. माझा अभ्यास, आजारपणं, शाळेतल्या तक्रारी दोघींनी वाटून घेतल्या.

दीड वर्षाने पानावर अंडी दिसली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, मधासारख्या रंगाची, ओळीने चिकटवलेली. दोघंही आळीपाळीने परांनी वारा घालत होते. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा, जानेवारी 2018मध्ये, राजा एकेक अंडं तोंडाने उचलताना मी पाहिला. माझं डोकंच फिरलं. हाच पोरं खातोय! रात्री अकराला जाळी घेतली आणि त्याला बादलीत टाकलं.

"नको रे काढूस त्याला," मावशी म्हणाली. "दोघं मिळून काहीतरी करताहेत."

"मावशी, तुला यातलं काही कळत नाही."

तापक एकच होता, तो टाकीत. बाहेर पुण्याची थंडी. राणी काचेपाशी यायची, बादलीच्या दिशेने थांबायची, परत पानाकडे धावायची. तिची ती ये-जा बघत मी झोपी गेलो.

पहाटे पाचला उठलो तर मावशी स्टुलावर, अंगावर नुसती चादर. तिची लोकरीची शाल बादलीभोवती गुंडाळलेली. आत राजा एका कुशीवर कलंडलेला, कल्ले जेमतेम हलत होते. मावशीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. आम्ही टाकीतलं कोमट पाणी वाटी-वाटीने बादलीत घालत राहिलो. सात वाजता राजा सरळ झाला. त्याचा एक लांब पर मात्र जाळीत मोडला, तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला. पानावरची सगळी अंडी पांढरी झाली होती.

महिन्याभराने पुन्हा तयारी दिसली, तेव्हा मी भिंग घेऊन बसलो. राणी पोट पानाला घासत वर गेली, मागे अंड्यांची ओळ उमटली. मागोमाग राजा गेला. त्याच्याही मागे अंड्यांची ओळ. दोन्ही नळ्या बोथट. दोन्ही माद्या होत्या.

अंडी फळणार कुठून? ती पांढरी पडत, त्यांना बुरशी धरे. ती शेजारच्या अंड्यांना लागू नये म्हणून मासे खराब अंडी वेचून काढतात. राजा त्या रात्री तेच करत होती. मी तिला त्याचीच शिक्षा दिली.

दुकानदार नर द्यायला तयार होता. मावशी म्हणाली, "राहू दे. दोघींचं बरं चाललंय." आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन तिच्याजवळ बसली, काही बोलली नाही. लहानपणी लोक दारात येऊन विचारायचे, "घरात पुरुषमाणूस कोणी आहे का?" तेव्हाही त्या दोघी अशाच शेजारी शेजारी उभ्या राहायच्या.

2022मध्ये मावशी गेली. पुढच्या वर्षी राणी. राजा दोन वर्षं एकटी जगली. ओवी, राजा हे नाव म्हणजे माझी चूक आहे. मावशीला मी जे बोललो, त्याची माफी मागायचीही राहून गेली. ती शाल कपाटात आहे. काठाला बादलीच्या कडीच्या गंजाचा डाग आहे, तो मी धुऊ दिलेला नाही. उद्या तुला दाखवतो.