रहमतीचं दार

“अम्मी, मला वाचता येतं, पण कळत काहीच नाही.”

कुरआनचं नाझरा पूर्ण झाल्याची मिठाई धाराशिवच्या आमच्या मोहल्ल्यात वाटून दोनच दिवस झाले होते, आणि आठवीतली माझी लेक असं म्हणाली. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण या वाक्यापुढं निरुत्तर झाले. माझीही गत तीच. अक्षरं येतात, उच्चार येतात, अर्थ मात्र भाषांतरात शोधायचा.

मे महिन्यात नणंदेकडे मुंबईला गेलो. सीएसएमटीहून लोकलनं निघालं की पहिलंच स्टेशन मस्जिद. “इथली मशीद कुठंय?” लेकीनं विचारलं. नंदोई म्हणाले, “ज्या मशिदीवरून हे नाव पडलं म्हणतात, ती यहुद्यांची आहे!” कोकणातले बेने इस्राईल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत.

दुसऱ्या दिवशी हातगाड्या चुकवत आम्ही सॅम्युअल स्ट्रीटवर पोहोचलो. दारापाशी माझं मन कचरलं. गाझाच्या बातम्या डोळ्यांपुढं होत्या. पण लेक पुढं झाली. ओळखपत्रं दाखवली, आत गेलो. बाकावर एक आजी बसल्या होत्या. “कुठल्या गावचे तुम्ही?” त्यांनी आपल्यासारख्याच मराठीत विचारलं.

हे सिनेगॉग 1796 मध्ये स्थापन केलं ते कंपनी सरकारच्या फौजेतल्या सॅम्युअल दिवेकरांनी. ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. कैदी बनी इस्राईल आहेत हे ऐकून टिपूच्या आईनं रदबदली केली, कारण हे नाव तिला कुरआनमुळं ठाऊक होतं, अशी आख्यायिका त्यांच्या घराण्यांत सांगतात. सुटून आल्यावर दिवेकरांनी शुक्र म्हणून हे सिनेगॉग उभारलं.

“नाव काय हिचं?” मी विचारलं.

“शाआर हारहमीम. शाआर म्हणजे दार.”

“आणि रहमीम म्हणजे रहमत?” लेक पटकन म्हणाली.

आजी हसल्या. मग वहीचं एक पान दोघींच्या मध्ये आलं. लेकीनं अलिफ काढलं, आजींनी आलेफ. दोन्ही लिपी उजवीकडून डावीकडं चालणाऱ्या. सलाम आणि शालोम, यौम आणि योम, बैत आणि बेथ. मलिद्याचा विषय निघाला, तेव्हा तर शब्दही बदलावा लागला नाही. त्यांचा पोहे, गूळ, खोबऱ्याचा, आपला चपाती-गुळाचा.

मी लेकीचा प्रश्न आजींना सांगितला. त्या म्हणाल्या, “अगं, आमच्या पूर्वजांना हिब्रूतला एक ‘शेमा’ तेवढा पाठ उरला होता. अर्थ कळला तो मराठीतून.” खरंच आहे ते. जॉन विल्सन या मिशनऱ्यानं 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. विल्सन धर्मप्रसारासाठी आले होते. बेने इस्राईलांनी भाषा घेतली, धर्म आपलाच ठेवला. पुढं त्यांच्यातल्याच जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बगदादहून मुंबईत आलेले यहुदी तर घरी अरबीच बोलत आणि ती हिब्रू अक्षरांत लिहीत.

आपल्याकडे तर याचा आदर्श त्याहून जुना आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली आणि त्यांनी ती पंधरा दिवसांत आत्मसात केली, असं हदीसमध्ये आहे. आपण मात्र शेजारच्या माणसाची भाषा सोडाच, रोज पाच वेळा जी म्हणतो तिचाही अर्थ मुलांना देत नाही.

निघताना आजींनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. बातम्यांबद्दल आम्ही दोघीही काही बोललो नाही.

आता घरी नियम केला आहे: इशाच्या नमाजनंतर रोज तीन शब्द. अरबी शब्द, त्याचा मराठी अर्थ, आणि त्याचा भाऊबंद शब्द आजींच्या पानावर असेल तर तोही. परवा दर्ग्यावरून जाताना ख्वाजा शमसुद्दीन गाझींचं नाव वाचून लेक थांबली. “अम्मी, शम्स म्हणजे सूर्य. आजींनी ‘शेमेश’ लिहिलं होतं बघ!”

इतकी वर्षं त्या नावावरून ये-जा केली. अर्थ मात्र तिनं मला त्या दिवशी सांगितला.