श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

ती. सौ. वहिनींस,


काल फोनवर तुम्ही म्हणालात, "वन्सं, ह्यांना शुगरच्या गोळीशिवाय बाकी काही चालू नाही." मी पुढे बोलले नाही, पण रात्रभर तुमच्या फ्रिजवरचा तो श्रीखंडाचा डबा डोळ्यांसमोर येत राहिला. दिवाळीत आले होते तेव्हा डोकेदुखीची गोळी मी त्यातूनच शोधून घेतली होती. गुडघ्याच्या गोळ्या, पित्ताच्या कॅपसूल, पुतण्याने अमेरिकेहून पाठवलेली व्हिटॅमिनं आणि कागदात बांधलेली एक करडी पूड. शिवाय गॅसवर सकाळचा गुळवेलीचा काढा. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला माहीत आहे. मीही असंच म्हणाले होते.

आमच्या ह्यांच्या वेळचं सगळं तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. ह्यांची हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ राहावं म्हणून ११ वर्षं रोज संध्याकाळी वॉरफरिनची गोळी. आतड्याच्या कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिन सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी फॉर्म भरताना विचारलं होतं, "इतर काही औषधं?" मी म्हटलं, नाही. इतक्या वर्षांत ती गोळी माझ्या लेखी औषध राहिलीच नव्हती. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि ह्यांच्या हातावर गोळी ठेवायची, असा तो रिवाज. हृदयाची फाइल एका हॉस्पिटलात, कॅन्सरची दुसऱ्या. छातीवरचा उभा व्रण रोज कुणी ना कुणी बघत होतं, तरी दुसरा प्रश्न कुणाला सुचला नाही, याचा मला अजून राग येतो.

किमोच्या दुसऱ्या सायकलच्या दहाव्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिन लाल झालं. मांडीवर वांग्याच्या रंगाचे डाग. रक्त तपासलं तर ते किती पातळ आहे हे सांगणारा आयएनआर, एरवी अडीच ते साडेतीनमध्ये असणारा, आठच्या पुढे. कॅपेसिटाबिन चालू असताना वॉरफरिनचा शरीरातून निचरा नीट होत नाही, ते साठत जातं. डोस नेहमीचाच, पण अंगात मात्र त्याहून बरंच जास्त. हे वाचले, पण दहा दिवस हॉस्पिटलात गेले.

दादालाही तेच कॅपेसिटाबिन दिलंय, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते मी वाचत गेले. १९९३ साली जपानमध्ये नागिणीवर सोरिव्ह्युडिन नावाचं नवं औषध बाजारात आलं. किमोमध्ये ५-एफयू नावाचं जुनं औषध देतात; कॅपेसिटाबिनचंही पोटात गेल्यावर शेवटी तेच होतं. ते मोडून शरीराबाहेर काढायला आपल्याकडे एक एन्झाइम असतं. सोरिव्ह्युडिनपासून शरीरात जो पदार्थ तयार व्हायचा, त्याने नेमकं तेच एन्झाइम बंद पाडलं. किमो चालू असलेली १५ माणसं थोड्याच आठवड्यांत दगावली. नागीण काही जीवघेणी नव्हती, आणि किमोचा डोसही चुकलेला नव्हता.

आता तुमचा डबा. त्या व्हिटॅमिनांत फॉलिक ॲसिड असेल तर ते कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवतं, तोंड येणं, जुलाब जास्त होतात. बाटलीवर नक्की बघा. गुडघ्याच्या गोळ्या किडनीवर ताण आणतात, पोटात रक्तस्राव करतात. किमोत प्लेटलेट उतरल्या की तो धोका आणखी वाढतो. गुळवेलीचं लिहिताना हात जड होतो, कारण तुम्ही तो काढा पहाटे उठून किती श्रद्धेने उकळता ते मी बघितलंय. पण २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी लिहून प्रसिद्ध केलंय. आयुष मंत्रालयाला ते मान्य नाही. वाद त्यांचा त्यांना लखलाभ. आत्ता दादाच्या यकृताला काम कमी नाही. डॉक्टरांना विचारून होईपर्यंत काढा बंदच ठेवा.

पूड घेतो हे दादा स्वतःहून सांगणार नाही, डॉक्टर ओरडतील म्हणून. त्याच्यावर रागावू नका, आणून देणाऱ्यावरही नको. पण त्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही, म्हणून ती पुडीसकट दाखवायचीच. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत.

आणि घाबरून शुगरची गोळी मनाने थांबवू नका. उलटी होऊ नये म्हणून किमोआधी स्टेरॉइड देतात, त्याने साखर उलट चढते. बंद काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. आपण फक्त काही लपू द्यायचं नाही.

तापाचं मात्र आजच लक्षात ठेवा. किमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. थर्मामीटर १००.४ दाखवायला लागला की आधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, जंतू आत तसेच राहतात आणि आपल्याला वाटतं बरं आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी आधी हॉस्पिटलला फोन.

केमिस्टकडून चार-चार गोळ्या कापून आणता, त्यात नाव आणि मिलिग्रॅमचा तुकडा त्याच्याकडेच राहतो. मी नाव असलेली बाजू मागून घ्यायला लागले, नाहीतर दुकानातच अख्ख्या पट्टीचा फोटो काढायचे. शिवाय औषधांची एक वही ठेवली. तिच्यात तारीख, नाव, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कुणी दिलं. बंद केलेलं खोडायचं नाही, पुढे बंद केल्याची तारीख. दाताच्या डॉक्टरकडे गेलो तरी वही पिशवीत.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघते. तोवर डबा आहे तसा ठेवा, काही फेकू नका, कापलेले तुकडेही. वही मी घेऊन येते. पट्टीवरची अक्षरं फार बारीक असतात. दादाला म्हणावं, चष्मा शोधून ठेव, वाचायचं काम तुझ्याकडे.

आपली,
धाकटी वन्सं